केसाएवढी

रावपुरा टॉवरच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
मी एका बाराखडीला उपाशी ठेवते आहे.
तीन वर्षं झाली.
काना जाड, गच्च,
जेवून ओट्यावर बसलेल्या सावकारासारखा,
आणि त्याला धरून ठेवणारी रेघ
केसाएवढी.
तोही नुकताच न्हालेला, ओला, ताणलेला केस.

रोमन जोडीदार आधीच काढून झालाय.
त्याच्या पायांना टाचा असतात, सपाट, पात्यासारख्या.
त्यांच्यावर तो उभा राहतो, तोल सांभाळतो,
कुणाचं काही देणं लागत नाही.
आपली अक्षरं वरून टांगलेली.
दोरी इतकी बारीक केली तर
वाळत घातलेलं सगळं अंगणात येईल,
ही भीती मला रात्री दोनला गाठते.
मी उठून शिरोरेषा दोन एककांनी वाढवते,
सकाळी चहाआधी पुन्हा उतरवते.

बोरूला हे प्रश्न नव्हते.
एकच तिरका काप, हात वळला की जाड,
परत वळला की बारीक,
हिशेब आपोआप जुळायचा.
माझ्याकडे नुसते बिंदू आहेत.
थ ची गाठ काढायला मला अकरा लागले,
आणि बारावा कुठे हरवला
ते अजून सापडत नाही.

किरीटभाईंनी पहिला नमुना छापला
साईच्या रंगाच्या खरबरीत कागदावर, लग्नाचा असतो तसल्या.
भिंग माझ्या हातात दिलं. बेन, जुओ.
पाहिलं.
वेलांट्या हवेत. ए ची मात्रा कुणाचीच नाही.
श चं डोकं एकीकडे, पोट दुसरीकडे.
शाई पळते, ते म्हणाले, कागद पितो,
तुम्ही कागदाला विचारल्याशिवाय रेघ काढता.
मग गल्ल्यावर बसता बसता,
आमच्या गुजरातीत बघा,
वरची लाइन काढूनच टाकली.
माथाच नाही, तर माथाकूट कसली?

हसले. मीही.
रात्री मात्र शिरोरेषा झाकून पाहिली
पट्टीनं, एकेक ओळ.
बरी दिसत होती. म्हणून पट्टी लगेच उचलली.

मांडवीतल्या एका सराफानं
दुकानावर तोच टाइप लावला, पितळी, हातभर उंच.
तिथे तो शोभतो. तिथे कुणाला वाचायचं नसतं,
नुसतं थांबायचं असतं.
बाबांना घेऊन गेले.
त्यांच्या डोळ्यांत मधोमध एक डाग आहे,
ते जगाकडे कडेकडेनं बघतात.
मान कलती करून बराच वेळ उभे राहिले.
दोन काळे थेंब आहेत, म्हणाले.
मध्ये काही आहे का?
आहे, म्हटलं. ळ आहे.
हो, ते कळलंच.
कसं कळलं?
अगं, पोवळे आणि मोती.
पोव नंतर दुसरं कोण येणार?
आणि रिक्षाला हात केला, भलत्याच दिशेच्या.

त्या आठवड्यात मी दुसरा काप सुरू केला,
बारीक मजकुरासाठी:
औषधांच्या चिठ्ठ्या, तळटिपा, नियम व अटी.
त्यात रेघांना जेवायला घातलं.
चांगला आहे. भाजीवाल्याच्या हिशेबासारखा खरा.
त्याच्याकडे मी फारसं बघत नाही.

काल प्रेसमधून फोन.
बेन, शितोळे तुटले.
कोण?
पत्रिकेतले. ळ मधून आरपार उजेड दिसतो.
आठशे छापून झाल्या, सोनेरीत. आता काय करू?
पलीकडे यंत्र चालूच होतं,
सातशे नव्याण्णवनंतरही, सवयीनं.
जाड काप पाठवू का, मी विचारलं.
ते थोडं थांबले.
नको, म्हणाले, मुलीकडचे पाहून गेलेत,
फार नाजूक आहे म्हणत होते.

लग्न गोरजाचं होतं.
शितोळे वेळेवर पोचले, सगळे,
एक काका सोडून. ते चुकून
शेजारच्या हॉलमध्ये जेवले.